बारावा ठसा

“...आणि ठसा कुठं मारू, उस्ताद?”

रामलिंगने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा उस्ताद चष्मा पुसत होते. दुसऱ्यांदा चहा पीत होते. आता चष्मा नाकावर होता, कप रिकामा होता, आणि पळवाट उरली नव्हती.

“आधी बघू तर दे,” दस्तगीर उस्ताद म्हणाले.

मेजावर हिरवं जाड कापड अंथरलं होतं. त्यावर बंदूक. रामलिंगने ती अशी ठेवली होती की दारातून येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच पडावी, आणि मग साहजिकच ती करणाऱ्यावर.

सकाळचे नऊ वाजले होते. दहाला सुभेदार येणार होते, बंदूक न्यायला. त्याआधी ठसा व्हायला हवा होता.

दस्तगीर शिकलगारांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारी होतं. भिंतीपलीकडे भोपळे घासले जात, अलीकडे बंदुकांचे दस्ते. पलीकडचे चिडवायचे, तुमच्या मालाचा आवाज एकदाच येतो. उस्ताद म्हणायचे, म्हणूनच तो आधी लावून ठेवावा लागतो.

दुकानाची एक रीत होती. बंदूक उघडायची, तपासायची, चालवायची, पुन्हा उघडून बघायची. सगळं मनासारखं असेल तर ज्यानं बघितलं त्यानं लोखंडावर आपला ठसा मारायचा. मुगाच्या दाण्याएवढा, केसाएवढा खोल. उस्तादांचा ठसा चंद्रकोरीचा होता. ज्याच्याकडे ठसा तो कारागीर. ज्याच्याकडे नाही तो कितीही हुशार असो, हाताखालचा माणूस. जाणकार गिऱ्हाईक बिनठशाची बंदूक हातात धरत नसे.

रामलिंग खराडे चार वर्षं हाताखालचा माणूस होता. त्याआधी बारा वर्षं कारखान्यात लेथवर. हात सोन्याचा होता. तो तसा आहे हे त्यालाही ठाऊक होतं, आणि तिथंच गोम होती.

उस्तादांनी त्याला शब्द दिला होता. पहिली अख्खी बंदूक एकट्यानं कर, तुझा ठसा तुला देतो. रामलिंगच्या बायकोनं तेव्हापासून रोज संध्याकाळी चप्पल काढायच्या आत विचारायला सुरुवात केली होती, दिला का म्हणून.

आणि ही ती बंदूक.

सैन्यानं निकालात काढलेली जुनी बोल्टची रायफल. सुभेदार आनंदराव मोहित्यांनी रीतसर परवान्यावर घेतलेली. चार किलोंच्या वर वजन, तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली, उंचीला एखाद्या शाळकरी पोरीएवढी.

सुभेदार तरुणपणी टेहळ्या होते. पलटणीच्या पुढं एकट्यानं जायचं, बघायचं, परत यायचं. “त्या वेळी एक हलकी बंदूक मागत होतो,” ते म्हणाले होते. “आखूड. एकट्या माणसाला दिवसभर पेलवेल अशी. आता जंगलाच्या कडेला शेत आहे, गुडघा गेलाय, आणि रानडुकरं काही माझ्या वयाकडे बघत नाहीत. तरुणपणी मागितलेली म्हातारपणी तरी मिळू दे.”

रामलिंगने ती केली होती. पुढचं लाकूड उतरवलं. नळी आखूड केली, तिचं तोंड आरशासारखं घासलं. दस्ता सुभेदारांच्या खांद्याच्या मापानं तासला. दुर्बीण नेहमीसारखी डोळ्याजवळ नाही, पुढं नळीवर बसवली. म्हणजे एक डोळा मिटावा लागत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा, आणि सावज दिसताना रानही दिसत राहतं. टेहळ्याला ते लागतं.

तीन महिने लागले.

उस्तादांनी बंदूक काट्याला टांगली. दुर्बिणीसकट तीन किलो चारशे.

“बरं हाय,” ते म्हणाले.

कागदाची एक पट्टी घेऊन त्यांनी ती नळी आणि लाकूड यांच्यामधून ओढली. लाकूड नळीला कुठं टेकलं असेल तर कागद अडतो, आणि नळी तापल्यावर नेम सरकतो. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेला.

“बरं हाय.”

चांदमारीवरचा कालचा कागद पाहिला. शंभर पावलांवरून पाच गोळ्या. उस्तादांनी चहाचा रिकामा कप त्यावर ठेवला. पाचही छिद्रं कपाच्या बुडाखाली झाकली गेली.

“हे लई बरं हाय,” उस्ताद म्हणाले.

दस्तगीर उस्तादांच्या तोंडून ‘लई’ हा शब्द चार वर्षांत रामलिंगने दोनदा ऐकला होता. एकदा हापूस आंब्याबद्दल.

त्याची छाती फुगली. तेवढ्यात उस्तादांचा अंगठा बंदुकीच्या डाव्या अंगावर गेला. जिथं बोल्ट मागंपुढं सरकतो, त्या पोलादी घरावर. अंगठा मागं गेला. पुढं आला. पुन्हा मागं गेला...

“हितं काय हुतं?”

“कुठं?”

“हितं.”

“काही नव्हतं, उस्ताद. जुने बारके ठसे होते. नंबर तेवढा ठेवला, बाकी घासून साफ केलं.”

“किती हुते?”

“मोजले नाहीत.”

“अकरा,” उस्ताद म्हणाले.

पलीकडे कोणीतरी भोपळ्यावर टिचकी मारून बघत होतं. टक. टक.

“कुणाचे हुते?”

“कुणास ठाऊक.”

“मला बी ठावं न्हाई.”

रामलिंगला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता.

ते ठसे कसले होते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सैन्याच्या कारखान्यांत दर काही वर्षांनी बंदूक उघडली जाते, आणि जो तपासून पास करतो तो एक बारीक खूण मारतो. कोणाची चांदणी, कोणाचं अक्षर, कोणाचा मोडका बाण. दुसऱ्याच वर्षी उस्तादांनी हे सांगितलं होतं. पण घासायला बसला तेव्हा रामलिंगला ठसे दिसलेच नव्हते. त्याला जागा दिसली होती.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे जगात पुष्कळ. या पठ्ठ्यानं रेघोट्या ओढण्याआधी दळणाऱ्यांची नावंही पुसली होती.

“चुकलं का माझं?” त्यानं विचारलं. आवाजात चुकल्याची भावना फारशी नव्हती. “साफ दिसतंय की आता.”

“झ्याक दिसतंय.”

उस्ताद उठले. भिंतीतल्या कपाटाचा खालचा खण ओढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि रामलिंगच्या हातात दिलं.

पोलादाचा ठसा. बोटाएवढा. टोकाला उलटं कोरलेलं बेलाचं पान, तीन दलं आणि खाली देठ.

रामलिंग बघतच राहिला.

“कधी केलात?”

“गेल्या वर्साला. तुझं नाव रामलिंग. म्हटलं, दुसरं काय काढायचं?”

“म्हणजे वर्षभर... हा तयार होता?”

“ठसा तयार हुता,” उस्ताद म्हणाले.

रामलिंगने पानावरून बोट फिरवलं. शिरासुद्धा होत्या. सत्तर वर्षांचा माणूस, डोळ्याला भिंग लावून, मुगाएवढ्या पोलादावर बेलाच्या शिरा कोरत बसला होता. हे त्यानं पुढं बायकोलाही सांगितलं, आणि तो सांगणाऱ्यातला नव्हता.

“मार,” उस्ताद म्हणाले.

“कुठं?”

“तू जागा केलीस तिथं.”

रामलिंगने बंदूक पकडीत बसवली. ठसा उभा धरला. श्वास सोडला, अर्धा ठेवला, आणि हातोडीचा एकच घाव घातला. दुसरा घालायचा नसतो, ठसा दुहेरी उठतो.

पान उठलं. तीन दलं, देठ, शिरा... सगळं.

उस्तादांनी भिंग लावून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“मिरजेत असा ठसा कुणी मारला न्हाई,” ते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

मग त्यांनी मेजावरची बारीक कानस उचलली आणि रामलिंगपुढं धरली.

“आता काढ.”

“काय?”

“पान.”

रामलिंग हसला. उस्ताद हसले नाहीत.

“उस्ताद... चार वर्षं झाली.”

“व्हय.”

“चार वर्षं मी या एका ठशासाठी...”

“त्यांची बी गेली असतील.”

पलीकडची टकटक थांबली होती. रामलिंग कानशीकडे बघत होता. राग आला होता त्याला, खोटं कशाला सांगा. मनात आलं, कानस टाकावी, उठावं, निघून जावं. हात सोन्याचा आहे, कुठंही पोट भरेल. पण उस्तादांचा हात तसाच पुढं होता. म्हाताऱ्याचा हात, बेलाच्या शिरा कोरणारा. तो हात तसाच सोडून जाणं त्याला जमलं नाही.

त्यानं कानस घेतली.

पहिलं दल गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यापाशी त्याचा हात अडला. मग तेही गेलं. देठ तेवढा राहिला, एक बारीकशी रेघ. ती रेघ काढताना आपण काय करतोय हे त्याला पहिल्यांदा नीट कळलं.

मिनिटसुद्धा लागलं नाही. अकरा ठसे काढायला त्याला अर्धा दिवस लागला होता, आणि तो अर्धा दिवस त्यानं शीळ घालत काढला होता.

घासलेल्या लोखंडावर त्यानं अंगठा ठेवला. मागं नेला. पुढं आणला.

काही लागलं नाही.

“उस्ताद,” तो म्हणाला. “नळी आतून लख्ख होती. आली त्या दिवशी. इतकी जुनी बंदूक, आणि गंजाचा ठिपका नाही.”

“न्हवता.”

“नळी गेलेली असती तर काहीच झालं नसतं. मी कितीही तासलं असतं तरी पाच गोळ्या कपाखाली आल्या नसत्या.”

“हं.”

“मी म्हटलं होतं, नशीब आपलं.”

“नशिबाला बी कुणीतरी तेल लावून ठेवावं लागतं,” उस्ताद म्हणाले आणि रिकामा कप विसळायला मागं गेले.

रामलिंग एकटा राहिला. आणि त्याला पितळी कुपी आठवली.

पहिल्याच दिवशी त्यानं दस्त्याच्या मागची छोटी झाकणी उघडली होती. आत पोकळी होती. तिच्यात तेलाची पितळी कुपी आणि फ्लॅनेलची घडी घातलेली पट्टी. शिपायाला रोज नळी पुसायला लागते ती. कुपी आणि चिंधी मिळून पन्नास ग्रॅम भरतील. वजन कमी करायचं होतं. त्यानं दोन्ही भंगाराच्या डब्यात टाकलं होतं.

तो उठला. डबा उपडा केला. तुटके स्प्रिंग, स्क्रू, पत्र्याचे तुकडे, आणि सगळ्यांच्या तळाशी कुपी. फ्लॅनेल तिच्या गळ्याला तसंच अडकलेलं.

त्यानं फ्लॅनेल उलगडलं. चारी कडा आत दुमडलेल्या, दोरा सुटू नये म्हणून एका कडेला हातशिलाईचे टाके घातलेले. कोणा शिपायानं बसून घातले होते ते. उद्या ही बंदूक आपल्याकडून काढून घेणार, दुसऱ्याला देणार, की वखारीत टाकणार, हे त्याला माहीत असेल किंवा नसेल. तरी शेवटच्या दिवशी त्यानं नळी पुसली होती, तेल भरलं होतं, चिंधी घडी करून जागेवर ठेवली होती.

रामलिंगने कुपीचं झाकण फिरवलं. तेल कधीच आटलं होतं. वास तेवढा राहिला होता.

आणि त्याला रडू आलं. लाज होती, पण नुसती लाज असती तर त्यानं मान खाली घातली असती. त्यानं कुपी दोन्ही हातांत धरली होती आणि नाव माहीत नसलेल्या त्या माणसाला तो मनातल्या मनात म्हणत होता, बाबा, तुझे लई उपकार झाले. मग त्या अकरा जणांनाही तेच म्हणाला, एकेकाला, अकरा वेळा. घाई केली नाही.

मग उठून त्यानं कुपी रॉकेलनं धुतली. ताजं तेल भरलं. कपाटातलं नवं फ्लॅनेल कापलं आणि त्याच्या कडा दुमडून टाके घातले. त्याचे टाके काही तितके सरळ आले नाहीत. जुनी पट्टी त्यानं खिशात ठेवली. कुपी आणि नवी पट्टी दस्त्यात घातली, झाकणी लावली. शेवटी घासलेल्या उघड्या लोखंडावर तेलाचा एक थेंब सोडला आणि अंगठ्यानं पसरला.

उस्ताद दाराशी उभे होते. केव्हापासून, ते सांगता येत नाही.

रामलिंगने बेलाच्या पानाचा ठसा फडक्यात गुंडाळला आणि त्यांच्यापुढं धरला.

“हा ठेवून घ्या. मी अजून...”

“तुझा हाय त्यो. खिशात ठेव.”

“उस्ताद, मी...”

“कुठं मारायचा, हे आता तुला इचारावं लागायचं न्हाई.”

बाहेर काठीचा आवाज आला.

“हजर,” दारातून कोणीतरी म्हणालं. सुभेदार मोहिते कुठल्याही घरात, दुकानात, दवाखान्यात असेच शिरत. दहाला पाच मिनिटं होती.

सुभेदारांनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात पुढं केले. रामलिंगने बंदूक दिली. म्हाताऱ्यानं आधी बोल्ट उघडून आत बोट घातलं, रिकामी आहे याची खात्री केली. मग दस्ता खांद्याला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला.

दोन्ही डोळे उघडे होते.

बंदूक हलली नाही. सुभेदारांचा गुडघा थोडा वाकला होता, पाठही वाकली होती, पण बंदुकीचं तोंड एकाच तारखेवर स्थिर होतं. दोन्ही डोळ्यांत पाणी जमलं तेव्हाच त्यांनी ती खाली घेतली.

“अशीच,” ते म्हणाले. “अशीच मागत होतो मी. पन्नास वर्षं झाली. पोरा, तुझं भलं होवो.”

रामलिंगने नुसते हात जोडले. तासाभरापूर्वी तो आपल्या कामाबद्दल बोलतच सुटला असता.

सुभेदार बंदूक उजेडात नेऊन बघू लागले. जुन्या सवयीनं त्यांचा अंगठा डाव्या अंगावर गेला. मागं गेला. पुढं आला.

“हे काय?” त्यांच्या कपाळाला आठी पडली. “इथं ठसे होते. आणि उस्ताद, तुमच्या दुकानाचाही दिसत नाही. बिनठशाची बंदूक मी कशी नेऊ? पास कोणी केली ही?”

उस्तादांनी रामलिंगकडे बघितलं.

“अकरा जणांनी,” रामलिंग म्हणाला. “आणि मी.”

“मग ठसे?”

“मी घासले, सुभेदार. माझ्या एका ठशाला जागा व्हावी म्हणून त्या अकरा जणांचे घासले. नंतर माझा मारला... आणि तोही घासला.”

सुभेदार त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस आता चिडणार, बंदूक मेजावर ठेवणार आणि काठी घेऊन निघून जाणार, असं रामलिंगला वाटलं. गेला तर जाऊ दे. खोटं सांगून ती त्याच्या गळ्यात घालायची नाही, एवढं त्याचं ठरलं होतं.

“म्हणजे बारा होते,” सुभेदार सावकाश म्हणाले.

“बारा.”

“आणि आता एकही नाही.”

रामलिंगने मान हलवली. नाही.

उस्ताद पुढं आले. त्यांनी बंदूक सुभेदारांच्या हातातून घेतली. बोल्ट वर उचलला, मागं ओढला, पुढं सारला आणि खाली बसवला. कुठं खर्र नाही, कुठं अडकणं नाही. शेवटी एक बारीक, भरीव आवाज तेवढा झाला.

उस्तादांनी बंदूक सुभेदारांना परत दिली.

“हजर हाईत,” ते म्हणाले. “सगळे.”